टाचदुखीच्या नावाखाली ९० हजार गेले

माझं वय ५८, मधुमेह आहे. उजवी टाच सात महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ जायची. दहा-बारा पावलं चाललं की जरा बरं वाटायचं, म्हणून डॉक्टरकडे जायचं राहून गेलं.

डोंबिवलीत भाजी घेऊन लंगडत येत होते. चांगल्या घरातली वाटणारी एक बाई थांबली. "काकू, टाच दुखते का? माझ्या सासूबाईंना असंच होतं, सहा महिने चालता येत नव्हतं. एक डॉक्टर घरी येऊन बरं करून गेले." मी न मागताच तिने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. ती त्यांचीच माणूस असेल असं मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. हे ऑफिसात होते, मी एकटीच. 'डॉक्टर'ने टाच दाबून पाहिली आणि म्हणाला, आत पू साचलाय, नसा सडतील. एका नळीचे तीन हजार, चार-पाच नळ्या लागतील. ब्लेडने बारीक चिरा पाडल्या, तांब्याची नळी लावून तोंडाने ओढलं आणि वाटीत पिवळा गोळा टाकला. तो गोळा डोळ्यांनी पाहिल्यावर माझा विश्वासच बसला. सोबतचा पोरगा कागदावर रेघा मारत होता. थांबा म्हटलं तर "अर्धवट सोडलं तर विष वर चढेल" म्हणाला. मधुमेह असलेल्या बाईला हे ऐकून काय वाटणार? रेघा भरल्या ३२. हिशेब ९६ हजार, 'तुमच्यासाठी' ९०. घरातले २० हजार रोख दिले आणि ७० हजारांचा सेल्फचा चेक.

पोरगा चेक घेऊन खालच्या बँकेत गेला. 'डॉक्टर'ने पट्टी बांधली आणि बजावलं: दोन तास पाय खाली टेकवू नका, कुणाशी बोलू नका, नाहीतर औषधाचा गुण जातो. ते दोन तास कशासाठी होते ते नंतर कळलं. तेवढ्या वेळात बँकेत फोन करून चेक थांबवता आला असता.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तिथल्या साहेबांनी सांगितलं, नळीत आधीच पावडर असते, रक्त लागलं की गोळा होतो.

मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि पहिलाच प्रश्न विचारला, सकाळचं पहिलं पाऊल जास्त दुखतं का? टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा ताणून दुखावतो, त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. पू वगैरे काही नसतं. एक्स-रेत वाढलेलं हाड दिसलं, पण ते न दुखणाऱ्या कित्येकांनाही असतं म्हणाले. उपाय साधे होते: फरशीवर अनवाणी चालायचं नाही, घरातही मऊ चप्पल. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, पायाखाली बाटली फिरवायची. काही महिने धीर धरायला सांगितलं. मला तिसऱ्या महिन्यात फरक पडला.

पण त्यांना टाचदुखीपेक्षा त्या ब्लेडची काळजी जास्त होती. मधुमेह असलेल्याच्या पायाला असल्या जखमा म्हणजे पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या, त्या पुन्हा काही काळाने. ते ब्लेड आणि ती नळी माझ्या आधी किती जणांना लागली असेल, या विचाराने तेव्हा झोप यायची नाही. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

टाच दुखत असेल तर दवाखान्यात जा. नोंदणी क्रमांक विचारा, पावती मागा. घरी येऊन नळीमागे पैसे मोजणारा डॉक्टर नसतो. आणि घरातल्या वयस्कर माणसांना हे मुद्दाम सांगा.

मागच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचे आजोबा मंदिरातून असाच नंबर घेऊन आले. गुडघ्यासाठी. "त्या मुलाच्या वडिलांचं अगदी माझ्यासारखंच होतं," म्हणाले. मी चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली आणि दोघं तशीच पोलीस ठाण्यात गेलो.