मुठेल: भेगांवर उत्तम, पण गोळा पारखून घ्या

अमसुलं झाली की रातांब्याच्या बिया उरतात. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर तरंगते ते कोकमतेल. थिजत आलं की मुठीत दाबून वळतात, म्हणून मुठेल. गोव्यात भिरंडेल.

घरगुती गोळा पांढराफटक नसतो. फिकट राखाडी किंवा पिवळसर, वास जेमतेम. हाताला दगडासारखा लागतो. कुबट वास म्हणजे बिया नीट न वाळवता कुटल्या. भेसळ मेणाची किंवा वनस्पती तुपाची. कोकमतेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, त्यामुळे ४५ अंशांच्या पाण्यात तुकडा टाकला की विरघळून तवंग येतो; मेण तसंच राहतं. वनस्पती तुपाचा गोळा मुळात उन्हाळ्यात कडक राहतच नाही.

टाचांच्या भेगांसाठी याला तोड नाही. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावेत, पूर्ण कोरडे करावेत (ओल राहिली तर तेल धरत नाही), वाटाण्याएवढा तुकडा चमच्यात वितळवून कोमट झाल्यावर भेगांत भरावा आणि सुती मोजे घालावेत. मोज्यांशिवाय चाललात तर लादीवरून घसराल. जुनी पद्धत गोळा दिव्यावर धरून गरम थेंब थेट भेगेत सोडायची. ती सोडून द्या. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेला माणूस भाजला तरी त्याला कळत नाही. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी डॉक्टर. बोटांच्या बेचक्यातली चिखली बुरशीची असते, तिच्यावर मुठेलाचा उपयोग नाही.

आंव पडली की भातावर वितळवून द्यायची चाल कोकणात आहे. तेल खाण्याजोगं आहेच, पण बाजारातला उघडा गोळा पोटात घेऊ नये; खायला अन्न परवान्याचं पाकीट घ्यावं. जुलाबात रक्त, ताप किंवा लहान मूल असेल तर हा उपाय नकोच. ‘वजन उतरतं’ ही विक्रेत्यांची भर. ज्या आम्लाचा त्यासाठी गाजावाजा होतो ते सालीत असतं, बियांच्या तेलात नव्हे.

बाटलीतलं शुद्ध केलेलं कोकम बटर पांढरं, बिनवासाचं, मलम करायला सोयीचं. नुसत्या भेगांसाठी जास्त पैसे कशाला? वितळवून हळूहळू थिजलं तर रवाळ होतं. ते खराब नव्हे, पुन्हा वितळवून पटकन गार करा. गोळा कोरड्या डब्यात ठेवा; ओला हात लागला की वर बुरशी धरते.