नौपाड्यातला ‘आजोबांचा ग्रामोफोन’

ठाण्यात जुनी भांडी, घड्याळं, ग्रामोफोन जमवणाऱ्या सगळ्यांनी हे जरूर वाचावं. सध्या नौपाडा, चरई, पाचपाखाडी भागातल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जाताहेत. घर रिकामं करताना माळ्यावरून घंगाळ, पानाचा डबा, अडकित्ते, फिरकीचे तांबे खरोखरच निघतात आणि बऱ्याचदा मोडीच्या भावाने जातात. माझ्याकडच्या कितीतरी वस्तू अशाच घरांतून, लोकांनी विश्वासाने दिलेल्या आहेत. याच विश्वासाचा फायदा घेऊन एक माणूस इथे नकली माल विकतो आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ओळखीतल्या एकीकडून निरोप आला की नौपाड्यातलं एक कुटुंब घर सोडतंय, जुनं सामान द्यायचंय. गेले. दारावर नावाची पाटी नव्हती, पण काढलेल्या पाटीची भोकं होती. आत अर्धवट बांधलेली खोकी, फोटो उतरवल्यावर भिंतीवर राहणारे फिक्या रंगाचे चौकोन, रिकामं देवघर. पन्नाशीचे गृहस्थ, बोलणं अगदी घरगुती. खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना ते ‘आई’ म्हणत होते. बाईंनी माझा हात धरून विचारलं, “नीट सांभाळाल ना हो ताई?” त्यानंतर घासाघीस करायला कुणाची जीभ रेटेल?

ग्रामोफोन दिसायला देखणा होता. अष्टकोनी पितळी भोंगा, गडद लाकडी पेटी, समोर भोंग्यापाशी बसलेल्या कुत्र्याचा पितळी बिल्ला आणि बाजूला कोरलेली पट्टी: ‘जी.आय.पी. रेल्वे, 1932’ (म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे). आजोबा रेल्वेत होते, निवृत्तीला साहेबांनी भेट दिली, असं सांगितलं. ठाणेकराला ही गोष्ट लगेच पटते. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, आणि रेल्वेतले आजोबा इथे घरोघरी सापडतात. त्यांनी चावी भरून एक तबकडी वाजवूनही दाखवली. सोबत एक शिक्का मारलेलं ‘पुरातन वस्तू नोंदणी प्रमाणपत्र’ होतं. 45 हजार सांगून 38 हजारांना दिला. दहा हजार यूपीआयने घेतले, बाकीचे रोख, कारण ‘सामान हलवणाऱ्यांना रोख द्यायचे आहेत’. पावती नंतर पाठवतो म्हणाले. ती आलीच नाही.

घरी सासूबाईंची जपून ठेवलेली भावगीताची तबकडी लावली, सुई नवी घालून. (पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरायची असते. ‘ओरिजिनल सुई आहे, बदलू नका’ असं विकणारा म्हणाला तर तिथेच सावध व्हा. मला ते असंच म्हणाले होते.) गाणं संपलं तेव्हा काळ्या खाचांवर राखाडी पट्टा उमटला होता आणि सुईच्या टोकाला भुकटी लागली होती. भोंग्याला जोडणारा दांडा इतका जड आणि तिरका होता की त्याने खाचाच खरवडून काढल्या. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण ती तबकडी आता परत मिळणार नाही.

मुंबईत चोर बाजारात ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे मशीन नेलं. त्याने पेटी उलटी केली आणि एकेक गोष्ट दाखवली. तळाला नवं प्लायवूड, वरून काळं पॉलिश फासलेलं. मोटर खरी जुनी, पण सुटकेससारख्या प्रवासी ग्रामोफोनमधून काढलेली. चावीचं भोक नव्याने पाडलेलं, आतल्या कडा कच्च्या लाकडाच्या. सगळे स्क्रू चार खाचांचे, म्हणजे स्टार स्क्रू. हे स्क्रू 1930च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले. दुरुस्तीत एखादा बदलला असं समजता येईल, पण 1932च्या मशीनचे झाडून सगळे? शिवाय तोवर घरगुती ग्रामोफोनचे भोंगे बहुतेक पेटीच्या आत गेलेले होते. पितळाचा काळपटपणा सगळीकडे सारखा होता. खरं जुनं पितळ असं नसतं. जिथे हात लागतो त्या कडा चकचकीत होतात आणि काळेपणा सांध्याकोपऱ्यांत साचतो. त्याने ओल्या फडक्याला चिंच लावून भोंग्याच्या आतून फक्त एकदा बोट फिरवलं, तर खालून कोरं पिवळं पितळ निघालं.

प्रमाणपत्राचं तर पुढचं. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार वस्तू ‘पुरावशेष’ ठरायला किमान 100 वर्षं जुनी लागते (हस्तलिखितांसारख्या काही बाबतींत 75). म्हणजे 1932ची वस्तू खरी असती तरी तिला आज त्या कायद्याखालचं प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. जी तारीख ते विकत होते, तीच कागद खोटा असल्याचं सांगत होती. घरगुती ग्रामोफोनसोबत कुणी असा कागद पुढे केला तर उठून निघा.

मी पुन्हा त्या इमारतीत गेले. वॉचमनने सांगितलं की तो ब्लॉक मालकाने ‘सामान ठेवायला’ महिन्याभरासाठी दिला होता. कुटुंब कधीच नव्हतं. त्या आजी कोण होत्या, हे मला अजून कळलेलं नाही, आणि त्यांनाही फसवून आणलं असेल का हा विचार डोक्यातून जात नाही. फोन बंद होता.

पुढे वाशीतल्या एका संग्राहक मैत्रिणीला हकीकत सांगितली तर तिने मोबाईल काढून फोटो दाखवला. तिलाही असाच ग्रामोफोन दाखवला होता, तोच बिल्ला, तीच पट्टी, तेच 1932. फक्त तिथे आजोबा बंदरात कामाला होते आणि घर कोकणातलं होतं. पट्टीवरच्या ‘रेल्वे’चा खुलासा काय, असं तिने विचारल्यावर त्यांनी लगेच गाशा गुंडाळला.

यूपीआयचे दहा हजार वाचतील या आशेने मी ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, खातं रिकामं होतं. हा नंबर पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, म्हणून शंका आली की आधी तिथे फोन करा. रोख रकमेचा कसलाच पुरावा माझ्याकडे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात दिली आहे. मैत्रिणीचे फोटोही जोडले आहेत. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, कुठेही ‘जी.आय.पी. रेल्वे, 1932’ अशी पट्टी असलेला ग्रामोफोन कुणाला दाखवला गेला असेल, तर फोटो काढून ठेवा, नंबर जपून ठेवा आणि आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. एका तक्रारीपेक्षा चार तक्रारी असल्या तर तपास अधिकाऱ्यालाही एकच माणूस फिरतोय हे दिसेल.