सहा राक्षस, एकच बाकडा

मी गेली बावीस वर्षं दशावतारात राक्षसपार्ट करतो. दिवसा कुडाळात झेरॉक्सचं दुकान, आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत रात्री जत्रा. काल नेरूरला मेलो, आज वालावलला मरायचंय, असं आमचं आयुष्य. जून लागला की पेटारा बंद, तलवारी माळ्यावर आणि मी घरात बायकोच्या पायात. त्याच दिवसांत भाच्याने मुंबईहून एक पुस्तक धाडलं. फोनवर म्हणाला, "मामा, ह्या तुझ्या कामाचा पुस्तक आसा. बघ तरी."

पुस्तक म्हणजे मार्वलच्या जुन्या कॉमिक्सच्या 'मायटी मार्वल मास्टरवर्क्स' मालिकेतला 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा दुसरा खंड, 'द सिनिस्टर सिक्स'. दहावीला इंग्रजीत काठावर सुटलेला माणूस मी. शब्द अडला की चित्र बघायचं, चित्र अडलं की मुलीला हाक मारायची. तीन आठवडे पुरलं.

आतला सगळा माल 1964 चा. मासिकाचे 11 ते 19 हे अंक आणि त्याच वर्षीचा पहिला वार्षिक अंक. लिहिणारे स्टॅन ली, काढणारे स्टीव्ह डिटको. नाव ज्या टोळीवरून ठेवलंय ती टोळी त्या वार्षिक अंकात आहे, म्हणून मी आधी तिथेच गेलो. तुम्हीही तसंच करा.

डॉक्टर ऑक्टोपस, पाठीला चार लोखंडी हात असलेला, तुरुंगातून सुटतो आणि कंपनी उभी करतो. व्हल्चर, इलेक्ट्रो, क्रेव्हन, मिस्टेरिओ, सँडमॅन. प्रत्येकाने आधी एकेकट्याने स्पायडर-मॅनशी पंगा घेऊन मार खाल्लेला. आता सहा जण एकत्र आल्यावर करायचं काय? तर चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेकाने आपापल्या ठिकाणी त्याला गाठायचं. एक हरला की पुढच्याचा पत्ता लिहिलेलं कार्ड हिरोच्या हातात.

मुलीने इथेच पुस्तक मिटलं. "बाबा, सहाही जण एकदम का नाही तुटून पडत? काय मूर्ख आहेत का?"

मूर्ख नाहीत. राक्षसपार्टी आहेत. स्टेजवर बाकडं एकच असतं. राजा बसला की ते सिंहासन, राणी बसली की पलंग. त्या एका बाकड्यावर दोन राक्षस चढवून बघा. मृदंगवाल्याला कळत नाही कोणाच्या पावलाला बोल द्यायचा, हार्मोनियमवाला एकाची चाल धरतो तोवर दुसरा आरोळी ठोकतो, आणि आरोळीत आरोळी मिसळली की पुढे घोंगडीवर बसलेली म्हातारी मंडळी उठून चहाला जातात. राक्षसाला स्वतःची एंट्री लागते, स्वतःचं युद्ध लागतं आणि मरायला स्वतःची जागा लागते. ऑक्टोपसला हे बरोबर माहीत आहे. तोही शेवटचा नंबर स्वतःकडेच ठेवतो! मालकाचा पार्ट शेवटी. हे काही अमेरिकेत नवीन शोधलेलं नाही.

आणि एंट्री कशा दिल्यात बघा. प्रत्येक मारामारीत एक पूर्ण पान, एकच चित्र. बाकी पानांवर सात-आठ चौकटींची दाटी असते, आणि पान उलटलं की एकदम पडदा बाजूला झाल्यासारखा अख्खा राक्षस समोर. क्रेव्हनबरोबर बिबटे. सँडमॅन हवाबंद पोलादी खोलीत. ऑक्टोपस तर पाण्याने भरलेल्या अवाढव्य टाकीत उतरतो. मिस्टेरिओ मात्र आमच्या ट्रिकसीनवाल्यांचा, म्हणजे स्टेजवर चमत्कार करून दाखवणाऱ्यांचा, सख्खा भाऊ. तेराव्या अंकात त्याची कुळकथा आहे: सिनेमात स्पेशल इफेक्टची कामं करणारा माणूस. धूर सोडतो, भास दाखवतो, इथे तर एक्स-मेन या मार्वलच्याच दुसऱ्या हिरोमंडळीचे यांत्रिक पुतळे अंगावर घालतो. ट्रिकसीनच्या नाटकात मुंडकं उडालं की टाळ्या पडतात, पण चाळीस वर्षं पार्ट करणाऱ्या आमच्या थोरल्यांच्या पोटात मुरडा येतो, 'पात्र खंय रवला?' म्हणजे पात्र कुठे उरलं, म्हणून. तसं मिस्टेरिओचं पान बघून माझ्याही पोटात थोडं झालं. पण बघत राहिलो दहा मिनिटं, हेही खरं.

राजापार्टाचं, म्हणजे स्पायडर-मॅनचं, सांगायचं तर या कथेत तो युद्धाला निघतो तेव्हा त्याच्या अंगातली शक्तीच गेलेली असते. ज्यांनी वाढवलं त्या बेन काकांच्या मरणाचं मनावर घेतलेलं. तरी मे काकू आणि त्याची मैत्रीण बेटी ब्रँट त्या टोळीच्या ताब्यात, म्हणून साध्या माणसासारखा इलेक्ट्रोसमोर जाऊन उभा राहतो. विजेचा लोळ येतो, हा उडी मारतो, आणि उडी मारल्यावर त्याला कळतं की शक्ती कुठे गेलीच नव्हती. अठराव्या अंकात त्याहून भारी. काकू आजारी म्हणून तो सँडमॅनसमोरून चक्क पळून जातो आणि सगळं शहर हसतं. राजापार्टाने स्टेजवरून पळ काढायचा, हे आमच्याकडे कोण लिहील? सोळाव्यातला डेअरडेव्हिल आणि एकोणिसाव्यातला ह्यूमन टॉर्च हे मार्वलचे दुसरे हिरो येऊन जातात, ठीक. वार्षिक अंकात थॉर, कॅप्टन अमेरिका वगैरे मध्येच डोकावतात ते मात्र उद्याच्या नाटकाची जाहिरात आजच्या नाटकात घुसडल्यासारखं.

मे काकू हा या पुस्तकातला खरा विनोदी पार्ट. पळवून आणलेली बाई, पण तिला ऑक्टोपस फारच सुसंस्कृत गृहस्थ वाटतो. शेवटपर्यंत पत्ता नाही. (भाच्याने सांगितलं की पुढे 1974 च्या 131 व्या अंकात ती त्याच्याशी लग्नाला उभी राहते, जेमतेम वाचते. मी दिवसभर हसत होतो.) बेटीच्या वाट्याला मात्र रडण्यापलीकडे काही दिलेलं नाही. आमचा स्त्रीपार्टी एवढ्यावर नाईट करायला तयार होणार नाही. (रात्रीच्या खेळाला आणि त्याच्या पैशालाही आम्ही नाईटच म्हणतो.)

आता तक्रारी. आकार. पुस्तक सहा बाय नऊ इंच, मूळ अंक यापेक्षा मोठे. माझ्या धंद्याच्या भाषेत ही नव्वद टक्क्यांवर काढलेली प्रत. संवादांची अक्षरं चष्मा लावूनही मुंग्यांसारखी. आणि नुकसान होतं ते डिटकोच्या हातांचं. या माणसाने बोटं काय काढलीत! भीती बोटांत, गुर्मी बोटांत. स्पायडर-मॅनला तर मुखवट्यामुळे चेहराच नाही, सगळा अभिनय पंजाने. मी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना व्हल्चरचं पान काचेवर ठेवून ए-थ्रीवर मोठं केलं. काळं-पांढरंच आलं, पण तळहात उघडला तसा आवाज यावा इतका जिवंत. ती प्रत दुकानात लॅमिनेशनच्या मशीनशेजारी लावलीय. मग तेच पान पुस्तकात बघितलं तर बोटं काड्या.

दुसरी तक्रार पुस्तकाची नाही. कुरियरवाल्याने पार्सल माझ्याकडे न देता नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर टाकलं आणि मोकळा झाला. जुलैचा पाऊस, टपरीचा पत्रा गळका. तीन दिवसांनी टपरीवाल्यानेच हाक मारली. फोन केला तर "सर, डिलिव्हर्ड दाखवतंय." खालचा कोपरा फुगून पुरणपोळीसारखा झालाय. मागवायचंच तर दसऱ्यानंतर मागवा, आणि कपाटात डांबरगोळी ठेवा. कोकणात पुस्तकांचा खरा राक्षस कसर.

टोळीची पुढची फेरी यात नाही. ती 1990 ची, 334 ते 339 या अंकांत, आणि तिथे क्रेव्हनच्या जागी हॉबगॉब्लिन नावाचा दुसरा राक्षस, कारण क्रेव्हन 1987 मध्ये मेलेला. पार्टी गेला तर बदली माणूस उभा करून नाटक लावायचंच. तेवढं मिळालं तर वाचणार आहे, पण मोठ्या आकारात.

परवा आमच्या दशावतार कंपनीचे मालक दुकानात आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले. पुस्तक काउंटरवर उघडं होतं. टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांच्या चित्रावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये कोण?"

"राक्षस. सहाच्या सहा."

मालकांनी एकेक करून मोजले. "सहा राक्षसपार्टी? आणि तेंची नाईट कोण देतलो?"