पहिली पाँटून बोट: सोफे नंतर बघा, आधी खाली वाका

पाँटून बोट, म्हणजे बंद पोकळ नळ्यांवर सपाट फलाट बसवलेली बोट, बघायला गेलं की नजर आधी गुबगुबीत सोफ्यांवर जाते, मग स्पीकरवर, मग रात्री पेटणाऱ्या निळ्या दिव्यांवर. हे सगळं पुढे कधीही बदलता येतं. डेकखालचे, म्हणजे फलाटाखालचे, अॅल्युमिनियमचे नळे, त्यांवरचे फलाट पेलणारे आडवे चॅनल आणि मागची इंजिनाची चौकट मात्र बोट असेपर्यंत तीच राहते. १९५२ साली मिनेसोटातल्या अँब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फलाट ठोकला. पिंपांच्या जागी अॅल्युमिनियम आलं, पण बोटीचं तत्त्व आजही तेच आहे. त्यामुळे नळे किती भक्कम आहेत आणि फलाट त्यांना कसा जोडलाय, यावरच बोटीची खरी किंमत ठरते.

आमचं मत आधीच सांगतो. तलावावर किंवा संथ नदीत सहा ते आठ माणसं घेऊन फिरायचं असेल, तर २० ते २२ फूट लांबीची, २५ इंच व्यासाच्या दोन नळ्यांची आणि ९० ते ११५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं) इंजिन असलेली बोट पहिली खरेदी म्हणून सगळ्यांत योग्य. १८ फुटांची बोट धक्क्याला लावायला सोपी असते, पण पाहुणे आले की लगेच अपुरी पडते. २४ फुटांच्या पुढची बोट आडव्या वाऱ्यात धक्क्याला लावणं नवशिक्याला फार जड जातं, कारण बोट उंच आणि चपटी, पाण्यात खोल बसलेलं काहीच नाही, वारा तिला सरळ बाजूला ढकलतो.

नळ्याच्या व्यासाबद्दल विक्रेते फारसं बोलत नाहीत, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. २० फूट लांबीचा २३ इंची नळा पूर्ण बुडाला तर सुमारे १,६३० लिटर पाणी बाजूला सारतो, तेवढ्याच लांबीचा २५ इंची नळा सुमारे १,९३० लिटर. व्यास दोनच इंच वाढला, पण तरंगण्याची ताकद १८ टक्के वाढली. नेहमीच्या वजनात नळे साधारण निम्मेच बुडलेले असावेत. त्या पातळीला दोन नळ्यांचा मिळून फरक तीनशे किलोच्या आसपास येतो, म्हणजे चार मोठी माणसं. पाहुण्यांनी भरलेली २३ इंची बोट नाक पाण्यात खुपसत चालते, ती यामुळेच.

पत्र्याची जाडी ०.०८० इंचापासून ०.१२५ इंचापर्यंत मिळते. किनाऱ्यावर वाळूत बोट चढवायची सवय असेल तर ०.१०० च्या खाली जाऊ नका, आणि नळ्याच्या पोटाला घासण्यापासून वाचवणारी वेगळी कील-पट्टी वेल्ड केलेली आहे ना, हे हात फिरवून पाहा. आणखी एक प्रश्न जरूर विचारा: प्रत्येक नळ्यात आतून बंद केलेले किती कप्पे आहेत? तीन किंवा जास्त हवेत. दगड लागून एक कप्पा फुटला तरी बाकीचे बोट वर धरतात. सलग एकच पोकळी असलेला नळा असेल, तर भाव कितीही चांगला वाटो, ती बोट सोडून द्या.

मग खरोखर खाली वाका, टॉर्च घेऊन. आडवे चॅनल दर १६ इंचांवर आहेत की २४ इंचांवर, टेप लावून मोजा. अंतर जास्त असेल तर काही वर्षांनी डेक पायाखाली लवायला लागतं आणि लाटेवर आपटताना सगळा सांगाडा कुरकुरतो. डेक बहुतेक पाऊण इंची मरीन प्लायवुडचं असतं. ते चॅनलला आरपार बोल्टने कसलेलं हवं. नुसते स्क्रू मारले असतील तर थरथरीने ते हळूहळू ढिले होतात. डेकच्या खालून अॅल्युमिनियमचा पत्रा मारलेला असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. उडणारं पाणी चॅनलवर आदळायचं थांबतं, बोट मोकळी धावते आणि प्लायवुडही कोरडं राहतं.

तिसरा नळा, म्हणजे ट्रायटून, केव्हा घ्यावा? पाणी मोठं आणि वाऱ्याचं असेल, नेहमी दहा माणसं असतील, किंवा मागे स्की आणि फुगवलेल्या ट्यूब ओढायच्या असतील तरच. दोन नळ्यांची बोट जोरात वळवली की किंचित बाहेर कलते. मधला नळा खोल बसवलेली ट्रायटून आत झुकते आणि वळणावर पकड घेते. पण नळ्यांच्या बाजूंना, वेगात बोट पाण्यावर उचलणाऱ्या, लांब उचल-पट्ट्या वेल्ड केलेल्या नसतील तर तिसऱ्या नळ्याने आधार वाढतो, वेग फारसा वाढत नाही. शिवाय ट्रायटूनला १५० अश्वशक्ती आणि त्यापुढचं इंजिन लागतं, ट्रेलर मजबूत लागतो, पेट्रोल जास्त जातं. ट्रायटूनवर ९० चं इंजिन लावून ‘स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

बोटीवर क्षमतेची पाटी असते: जास्तीत जास्त माणसं, वजन आणि अश्वशक्ती. आसनं मोजू नका, पाटी वाचा. सोफ्यावर बारा जण मावतात म्हणून बोट बारा जणांची होत नाही. इंजिन पाटीवरच्या कमाल अश्वशक्तीच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली नको. कमी ताकदीचं इंजिन सतत पूर्ण थ्रॉटलवर राबतं, आणि पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३८ लिटर पितं. ११५ अश्वशक्तीला हा आकडा ४० लिटरच्या वर जातो. थ्रॉटल थोडा मागे घेऊन चाललं की खर्च झपाट्याने उतरतो, पण त्यासाठी ताकद शिल्लक असावी लागते. ६० अश्वशक्तीवरच थांबायचं असेल तर यामाहाचं हाय थ्रस्ट किंवा मर्क्युरीचं कमांड थ्रस्ट असं मोठ्या गिअरकेसचं (पंख्यामागच्या गिअरच्या पेटीचं) मॉडेल मागा. त्यावर बसणारा मोठा पंखा (प्रोपेलर) जड बोटीला नीट ढकलतो. ११५ च्या वर हायड्रॉलिक स्टिअरिंग घ्याच, नाहीतर चाक हाताला ओढत राहतं.

पंख्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि ‘इंजिन कमजोर आहे’ या तक्रारींतल्या बऱ्याच मुळात पंख्याच्या असतात. चाचणी नेहमीच्या माणसांसह घ्या, विक्रेता आणि तुम्ही दोघेच नको. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यात पोचलं पाहिजे; बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांचा तो ५,००० ते ६,००० असतो. काटा ४,६०० वर अडकला तर पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो हिशेबाने जितके इंच पुढे सरकेल ते अंतर, जास्त आहे. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. उलट आरपीएम मर्यादेला जाऊन अडत असेल तर पिच वाढवा. दोन्ही बाजूंना जोरात वळवून पाहा. वळणात इंजिन एकदम ओरडलं आणि वेग पडला तर पंखा हवा ओढतोय: इंजिन चौकटीवर फार वर बसलंय किंवा शाफ्ट (इंजिनापासून पंख्यापर्यंतचा खाली जाणारा दांडा) आखूड आहे. २० आणि २५ इंची शाफ्टची अदलाबदल हे जुन्या बोटींमध्ये हमखास सापडणारं दुखणं. रिव्हर्सही घेऊन पाहा, धक्क्यापाशी त्याचीच गरज पडते.

जुनी बोट घेत असाल तर अनवाणी चाला. दारापाशी, सोफ्यांच्या पायांपाशी आणि मागच्या कोपऱ्यात टाच दाबा; मऊ लागलं तर आत प्लायवुड कुजलंय. कोणी आधी डेक बदललं असेल तर लाकूड कसलं ते विचारा. तांब्याच्या क्षारांनी मुरवलेलं साधं बांधकामाचं लाकूड अॅल्युमिनियमला खातं, आणि चॅनलवर पांढरी भुकटी, खड्डे दिसतात. बोट रिकामी पाण्यात उभी करून मागून बघा. एका बाजूला कललेली असेल तर बहुधा कप्प्यात पाणी आहे. ट्रेलरवर असताना नळा हलवला की आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. खात्री करायची तर कप्प्यात अगदी कमी दाबाची, २ ते ३ पीएसआय हवा भरून वेल्डवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा येईल तिथे चीर. जास्त दाब दिला तर नळाच फुगून बिघडतो. चिरा बहुतेक नळा आणि चॅनल जोडणाऱ्या कंसांच्या टोकांना पडतात. पत्र्याला पोचे असतील तर घाबरू नका, वेल्डला चीर असेल तर मागे फिरा. इंजिनाचं गिअर ऑइल थोडं काढून बघा: दुधासारखं असेल तर सील गेलंय. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवं.

खाऱ्या पाण्यात बोट ठेवणार असाल तर नळ्यांवर आणि इंजिनावर जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे अॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) हवेत. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. तांबं असलेला शेवाळरोधक रंग अॅल्युमिनियमला कधीही लावू नका.

सोफ्यांबद्दल एवढंच: आतली चौकट प्लायवुडची नको, साच्यातल्या प्लास्टिकची हवी. गालिच्यापेक्षा विणलेलं व्हिनाइल लवकर सुकतं. ट्रेलर लांब आधार-पट्ट्यांचा आणि दोन अॅक्सलचा घ्या. मधोमध उचलणारा कात्री-ट्रेलर अरुंद असतो आणि बोट उंच धरतो, वाऱ्यात डुलतो.

पुढच्या दाराबाहेर पाय सोडून कोणालाही, विशेषतः मुलांना, चालत्या बोटीत बसू देऊ नका. पडणारा माणूस थेट दोन नळ्यांमधून पंख्याकडे जातो. थ्रॉटलही एकदम खाली ओढू नका. मागून आपलीच लाट येऊन गाठते, नाक बुडतं आणि पाणी डेकवर चढतं.

पैसे देण्याआधी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: चाचणीत आरपीएम जमला नाही तर पंखा बदलून मिळेल, नळ्यांच्या वेल्डची हमी किती वर्षांची, आणि २० तासांची पहिली सर्व्हिस कोण करणार. त्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर आणि गिअर ऑइल तिन्ही बदलायचे असतात. पुढे दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) रबरी असतो, तो न वापरताही कडक होतो, म्हणून बोट धक्क्यालाच उभी राहिली तरी तो मुदतीवर बदला.