टू-के क्लिअरकोट, सात-आठ महिन्यांनंतर: चकाकी पास, हार्डनरचा डबा नापास

स्वतः बांधलेल्या माझ्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर खडी उडाली आणि टवका थेट प्रायमरपर्यंत गेला. दुरुस्तीला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, लागणार होतं जेमतेम वीस-तीस मिलिलिटर. क्लिअरचा डबा बऱ्यापैकी भरलेला होता, त्यात मिसळून ते कडक करणारा हार्डनरही शिल्लक होता, म्हणून निर्धास्त होतो. हार्डनरचं झाकण उचकटलं तर आत गढूळ जेली. वर सायीसारखा पापुद्रा, झाकणाच्या खाचेत पांढरा कडक थर बसलेला, आणि डब्याचा तळ हाताला फुगीर लागत होता. डबा कोरड्या जागी, सावलीत, झाकण नीट ठोकून ठेवला होता. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "मुदत सीलबंद डब्याची असते. एकदा उघडला की आम्ही काही सांगू शकत नाही." लहान पॅक आहे का? नाही. नवा हार्डनर घ्यायचा तर जवळजवळ अख्ख्या गाडीला पुरेल एवढा घ्या.

त्या उत्तराने डोकं फिरलं, म्हणून हा अनुभव आता लिहितोय. नाहीतर वर्षभर थांबून लिहिणार होतो.

गाडी थोडक्यात: जुन्या टू-सीटरच्या धर्तीवरची फायबरग्लास बॉडी, खाली स्वतः वेल्ड केलेली चासी, रंग लाल, बेस (रंगाचा थर) आणि त्यावर क्लिअर. टू-के म्हणजे दोन घटकांचा माल: वापरायच्या आधी हार्डनर मिसळायचा, मग तो रासायनिक क्रियेने कडक होतो.

आधी खर्चाचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात. रंग आणि फिनिशिंग मिळून जो आकडा झाला तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या खर्चाच्या पुढे गेला. बांधायला घेतली तेव्हा धरलेलं बजेट आणि रंगाला लागली तेव्हाचे दर यांचा एकमेकांशी मेळच राहिला नव्हता. लोकांना वाटतं रंग महागला. रंग महागलाच आहे, पण बिलातला मोठा वाटा मजुरीचा असतो. फायबरग्लासची बॉडी साच्यातून निघते ती वरून गुळगुळीत दिसते, पण हाताने चाचपली की लाटा लागतात. दरवाजा आणि बॉडीतली फट वर बारीक, खाली रुंद. साच्याचं मेण जेलकोटवर, म्हणजे बॉडीच्या सगळ्यात वरच्या थरावर, बसलेलं असतं. ते आधी साबणाच्या पाण्याने आणि मग डीग्रीझरने काढायचं, कारण न काढता घासलं तर पेपर ते मेण आतच दाबतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग लांबी (खड्डे भरायची पुटी), मग लांब ब्लॉकवर पेपर लावून घासणं, मग जाड बसणारं हाय-बिल्ड प्रायमर, त्यावर काळ्या गाइडकोटचा हलका फवारा, पुन्हा घासणं. काळं जिथे उरलं तिथे खड्डा, जिथे आधी गेलं तिथे उंचवटा. ही फेरी किती वेळा करायची ते बॉडी ठरवते.

म्हणूनच रंगवाले अशा गाड्या घ्यायला नाखूश असतात, आणि त्यांचं मला पटतं. अपघाताच्या कामात किती पॅनेल, किती तास, किती पैसे हे आधीच ठरलेलं असतं. हौशी माणसाने बांधलेली गाडी आली की जागा अडते, आतल्या थरांचा भरवसा नसतो, आणि फटी सरळ नसल्या तरी शेवटी बोट रंगावरच ठेवलं जातं. चांगला रंगवाला हे सगळं दरात धरतो. बूथ, म्हणजे रंग फवारायची बंद खोली, चालवायचा खर्च वेगळाच: आत येणारी हवा गाळायची, वीस-एक अंशांपर्यंत तापवायची, आणि फवारणी झाली की साधारण साठ अंशांवर गाडी भाजायची. इंधन महागलं की बूथ महागतो. फायबरग्लासला तर तेवढी उष्णता द्यायचीही धास्ती, कारण आतल्या काचतंतूंच्या कापडाची वीण वर उमटते. म्हणजे गाडी कमी तापमानावर जास्त वेळ अडवून ठेवणार, आणि त्याचेही पैसे तुम्हीच देणार.

लाल रंगाबद्दलही सांगतो. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते खालचं सगळं झाकतं. झगझगीत लाल आणि पिवळ्यासाठी आता सेंद्रिय रंगद्रव्यं वापरतात. ती महाग, शिवाय झाकण्यात कमजोर. शिसं आणि क्रोमेटची जुनी रंगद्रव्यं स्वस्त होती आणि झाकायचीही छान, पण विषारी म्हणून मागे पडली. परिणाम असा की लालचा लिटर महाग, आणि लिटरही जास्त लागतात. खाली योग्य छटेचं राखाडी प्रायमर दिलं तर एखादा कोट वाचतो. मी दिलं होतं, फरक पडला.

आता वापर. इथे माझं मत बदललंय. पहिल्या दोन महिन्यांत कोणी विचारलं तर मी म्हणायचो, क्लिअरवर एवढा खर्च करू नका, मधल्या दर्जाचं घ्या. आज तसं म्हणणार नाही. टाकी भरताना पेट्रोल ओघळलं, पुसलं, डाग नाही. पक्ष्यांची विष्ठा उन्हात वाळून बसली होती, ओल्या फडक्याने भिजवून काढली, खाली अगदी पुसट वर्तुळ राहिलं आणि पॉलिशच्या एका हातात तेही गेलं. इंजिनजवळची बॉनेटची बाजू चांगली तापते. तिथे चकाकी बाकीच्या गाडीइतकीच आहे. वीण उमटलेली दिसते ती फक्त दरवाजाच्या वरच्या काठाला, संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, आणि तो दोष बॉडीचा आहे. बॉडीचे दोन भाग जिथे जोडलेत तिथे लांबी किंचित बसलीय आणि एक रेघ दिसते. तीही क्लिअरच्या खाती मांडणार नाही.

पॉलिश करताना मात्र हात आवरा. क्लिअरचा वाळलेला थर साधारण पन्नास-साठ मायक्रॉनचा असतो, आणि ऊन झेलणारी रसायनं त्याच थरात असतात. संत्र्याच्या सालीसारखा पोत घालवण्यासाठी १५०० चा वॉटर पेपर, मग २०००, मग ३०००, मग कंपाउंड, असं करत आरशासारखा सपाट पृष्ठभाग मिळतो, पण प्रत्येक पायरी थर खाते. कडांवर तर पेपर लावूच नका, तिथे टेप मारून ठेवा. मी बॉनेट आणि दरवाजे केले, मडगार्डच्या गोलाईवरचा पोत तसाच सोडला. कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीवरही तो पोत असतोच.

तर क्लिअरकोट म्हणून माल उत्तम. आता हार्डनर.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते क्लिअरमधल्या रेझिनशी जुळतं तसंच हवेतल्या ओलाव्याशीही जुळतं, आणि ओलाव्याशी जुळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तळ फुगला तो त्यामुळे. डबा उघडला त्या क्षणापासून आतला माल मरायला लागतो, आणि डबा जितका रिकामा तितकी आत हवा जास्त, तितका तो लवकर मरतो. हे रसायनशास्त्र कोणाला बदलता येणार नाही, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पॅकिंगची आहे. दोनास एक या प्रमाणातलं क्लिअर घेतलं की हार्डनर त्याच्या निम्मा येतो, म्हणजे हिशोब बरोबर. पण तो सगळा एकाच डब्यात. बूथवाला आठवड्याभरात तो संपवतो. आपण एका गाडीला वापरतो, उरलेलं पुढच्या टवक्यासाठी ठेवतो, आणि उरतं ते नेमकं वाया जाणारं. क्लिअर वर्षभर टिकेल, थिनर टिकेल, बेसही टिकेल. हार्डनर गेला की क्लिअरही कुचकामी, कारण दुसऱ्या प्रणालीचा (एकमेकांसाठीच बनवलेल्या मालाच्या दुसऱ्या संचाचा) हार्डनर घालायची हिंमत कोण करणार? तोच माल चार लहान सीलबंद बाटल्यांत भरून दिला असता, थोडे पैसे जास्त लावून दिला असता, तर मी आनंदाने घेतला असता. डब्याच्या झाकणाची खाच तर अशी आहे की ओतताना प्रत्येक वेळी तिच्यात हार्डनर साचतो, तिथेच वाळतो आणि पुढच्या वेळी झाकण पूर्ण बसूच देत नाही. दर वेळी खाच पुसली तरी कोपऱ्यात थोडं राहतंच. बाजारातल्या सगळ्यात महागड्या रसायनांपैकी एक, आणि भांडं मात्र साध्या घरगुती रंगाला देतात तसलं.

यावर उपाय आहे, तो नंतर एका जुन्या बांधणाऱ्याकडून कळला. पहिल्यांदा उघडतानाच उरणार तेवढा हार्डनर लहान, कोरड्या, धातूच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायचा. टिग वेल्डिंगचं आर्गॉन असेल तर झाकण लावण्याआधी वरून हलकेच सोडायचं. ते हवेपेक्षा जड असल्याने हार्डनरवर बसून राहतं. आत पाणी गेल्याची शंका आली तर ती बाटली घट्ट बंद करू नये, दाब वाढून फुटू शकते. हे सगळं नायट्राइलचे हातमोजे घालून.

आणि मास्कचं नीट ऐका, कारण खर्च वाचवायच्या नादात याच्यावर कात्री चालते. आयसोसायनेटला धोक्याची सूचना देणारा वास नाही. मास्कचं कार्ट्रिज (हवा गाळणारी डबी) संपलं हे नाकाला कळत नाही. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ते आयुष्यभराचं होतं. फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच लागतो. तो महाग आहे. तो परवडत नसेल तर फवारणी स्वतः करू नका, बूथवाल्याला द्या. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून, ०.१ टक्के किंवा त्याहून जास्त डायआयसोसायनेट असलेला माल कामधंद्यात वापरायचा तर प्रशिक्षण सक्तीचं आहे, ते उगाच नाही.

मग जुनं सेल्युलोज (हार्डनर न लागणारा लॅकर रंग) का नाही, हा प्रश्न येतोच. त्याचं आकर्षण मला समजतं. १९२४ च्या मॉडेलच्या अमेरिकेतल्या ओकलँड गाड्या ड्यूपाँ कंपनीच्या ड्यूको या सेल्युलोज लॅकरमध्ये आल्या, आणि जिथे व्हार्निशचे थर वाळायला आठवडे जात तिथे काम काही दिवसांवर आलं. त्याला हार्डनर नाही, थिनर उडाला की वाळलं. डबा पुढच्या वर्षी उघडा, चालेल. नवा कोट जुन्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून टवका भरणं सोपं. पण तो पातळ बसतो, कोट खूप द्यावे लागतात, पेट्रोलने डागाळतो, आणि चकाकी टिकवायला सतत पॉलिश मागतो. शिवाय मिळणंही अवघड होत चाललंय. युरोपीय संघाच्या २००४/४२ या निर्देशानुसार १ जानेवारी २००७ पासून गाडी रंगवायच्या टॉपकोटला (सगळ्यात वरच्या थराला) लिटरमागे ४२० ग्रॅम व्हीओसीची, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांची, मर्यादा आहे. सेल्युलोज त्यात बसत नाही. ऐतिहासिक म्हणून मान्य झालेल्या गाड्यांना मोजक्या प्रमाणात खास परवान्याची सोय त्या निर्देशात ठेवलीय. जुनी दिसणारी, पण आत्ता बांधलेली आपली गाडी त्यात कशी बसणार? अस्सल जुन्या गाडीच्या मालकाला जी वाट आहे ती आपल्याला नाही, आणि हा छंद करणाऱ्यांनी हे आधीच हिशोबात धरावं.

पैसे कुठे वाचतात? घासाईत. तेवढंच काम असं आहे की आपला वेळ घातला तर बिल खरोखर उतरतं आणि दर्जाही बिघडत नाही, उलट सुधारतो, कारण आपल्याइतका जीव लावून ती बॉडी कोणी घासणार नाही. लांबीपासून शेवटच्या प्रायमरच्या घासाईपर्यंत स्वतः करा, फटी स्वतः जुळवा, आणि फक्त बेस-क्लिअर बूथमध्ये मारून घ्या. रंगवाल्याशी आधीच बोला, कारण काही जण दुसऱ्याच्या प्रायमरवर हमी देत नाहीत. त्याच्याच प्रणालीचं प्रायमर वापरलं तर बहुतेक तयार होतात. पेपर आणि टेपमध्ये काटकसर करू नका. स्वस्त टेपचा डिंक कडेला राहतो आणि तो काढण्यात दिवस जातो. फवारणी स्वतःच करणार असाल तर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन घ्या. निदान ६५ टक्के माल गाडीवर बसतो, जुन्या पद्धतीच्या गनने निम्म्याहून जास्त हवेत जायचा. मात्र तिला हवा भरपूर लागते, लहान कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि मधेच दाब पडला की पट्टे उठतात.

पुढच्या बॉडीला मी सिंगल-स्टेज टू-के देणार आहे, फिक्या सॉलिड रंगात. एकच माल, वर वेगळं क्लिअर नाही, आणि जुन्या धर्तीच्या गाडीला ती जरा मऊ चकाकी जास्त शोभते. हार्डनर त्यालाही लागतोच, म्हणून यावेळी निवड उलट्या बाजूने केलीय: आधी हार्डनर बघितला, मग रंग. काही प्रणालींमध्ये प्रायमर आणि टॉपकोट दोघांनाही एकच हार्डनर चालतो, त्यामुळे प्रायमरला उघडलेला डबा टॉपकोटला संपतो. या गाडीला इपॉक्सी प्रायमरचा एक, हाय-बिल्डचा दुसरा आणि क्लिअरचा तिसरा असे वेगवेगळे डबे उघडावे लागले होते, आणि तिन्हींत थोडं थोडं उरलं. दुकानात जाल तेव्हा टेक्निकल डेटा शीट मागून घ्या, त्यात कोणता हार्डनर कशाकशाला चालतो ते लिहिलेलं असतं. डब्यावरची उत्पादनाची तारीखही वाचा. जुना साठा असेल तर सरळ दुसरा डबा मागा, आणि नसेल तर नवा माल येईपर्यंत थांबा.