कपल फुल बॉडी पॅकेज, नागपूर : मशिना भारी, पण मामांचं तोंड कोणी उघडून नाही पाहिलं

दोन स्टार. एक स्टाफसाठी आणि एक रिपोर्ट सांगितलेल्या वेळेत व्हॉट्सॲपवर आला त्यासाठी. सेंटरचं नाव लिहित नाहीये, कारण धंतोली-रामदासपेठेत फिरलं तर असलं पॅकेज दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये मिळतं आणि आतला माल सगळीकडे थोड्याफार फरकाने तोच.

मामा-मामींसाठी घेतलं होतं. मामा एसटीतून रिटायर, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला) तरुणपणापासून, मामी अठ्ठावन्नच्या. दोघांचे मिळून 22,000, त्यात मेंदूचा एमआरआय, मानेच्या नसांचा डॉपलर (नसेतून रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी), पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, शुगर-लिपिड-थायरॉइड आणि कॅन्सरचे म्हणून ट्यूमर मार्कर (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या टेस्ट). जाहिरातीत ओळ अशी होती की हार्ट, ब्रेन आणि कॅन्सर तिन्ही एकाच सकाळी क्लिअर. सकाळी सातला गेलो, रक्त घेणाऱ्या ताईचा हात एकदम हलका, मामींची नस सापडत नाही कधी पण तिने एका झटक्यात घेतली. एमआरआयवाल्या मुलाने मामांना आधीच सांगून ठेवलं की काका आत लई ठकठक होईल, घाबरायचं नाही. नंतर नाश्त्याला पोहे दिले, वर तर्री (तिखट रस्सा) नव्हती, नागपुरात बसून हे चालत नाही पण जाऊ द्या.

आता रिपोर्ट. मामांच्या मानेच्या उजव्या नसेत वीस टक्के ब्लॉक. वीस टक्के! मामींचा चेहरा पडला, फॅमिली ग्रुपवर मुंबईच्या काकांनी अँजिओग्राफी करा म्हणून टाकलं. मी घरी आल्यावर वाचत बसले, आणि अमेरिकेची तपासण्यांवर शिफारसी देणारी जी सरकारी तज्ज्ञ समिती आहे तिने 2014 ला सांगितलंय आणि 2021 ला परत तेच सांगितलंय की ज्याला काहीच लक्षण नाही त्याच्या मानेची नस अशी सरसकट तपासत बसू नका, फायद्यापेक्षा घोळ जास्त होतो. डॉपलर वाईट नाहीये. ज्याचं तोंड वाकडं होऊन थोड्या वेळाने आपोआप बरं झालं किंवा ज्याला छोटा झटका येऊन गेलाय त्याला तर तो करायलाच पाहिजे, कारण अशा पेशंटमध्ये 70 टक्क्यांच्या वर ब्लॉक असला तर नस साफ करायच्या ऑपरेशनने पुढचा झटका टळतो हे नॅसेट नावाच्या ट्रायलमध्ये 1991 लाच सिद्ध झालं. पण ती गोष्ट वेगळी आणि मामांचे वीस टक्के वेगळे, एवढं दोन वाक्यात सांगायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

एमआरआयचं पण तसंच, वयानुसार बारीक नसांमध्ये बदल असं लिहून आलं आणि ग्रुपवर त्याचं भाषांतर झालं "मेंदू सुकला". नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये 2,000 साध्यासुध्या लोकांचे एमआरआय केले होते, 2007 ला छापून आलंय, त्यात शंभरात सात जणांच्या मेंदूत झटक्याची जुनी खूण निघाली आणि जवळपास दोघांच्या नसेला फुगा, आणि यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता. म्हणजे मशीन लावलं की काहीतरी निघतंच, ते घेऊन माणसाने करायचं काय हा प्रश्न पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

खरा वैताग मार्करचा. मामांचा सीए नाइन्टीन-नाइन, म्हणजे मुख्यतः स्वादुपिंडाच्या कॅन्सरशी जोडला जाणारा मार्कर, 44 आला, लिमिट 37, लाल अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण. त्याच दिवशी संध्याकाळी सेंटरमधून फोन, मॅडम पेट-सीटी (कॅन्सर शोधायचा अंगाचा स्कॅन) करून घ्या, आमच्याकडे डिस्काउंट चालू आहे. मामा रात्रभर जागे. आणि गंमत बघा, त्याच फाइलमध्ये दोन पानं आधी सोनोग्राफीत लिहिलंय की पित्ताशयात खडे आहेत, आणि हा मार्कर खड्यांनी किंवा पित्ताच्या नळीला सूज असली तरी वाढू शकतो. ही दोन पानं एकमेकांना लावून बघायची तसदी कोणी घेतली नाही. आमच्या ओळखीच्या सर्जनने घेतली, फुकटात, फोनवर. म्हणाले थांबा, काही आठवड्यांनी परत करू. परत केला, नॉर्मल आला.

पण सगळ्यात मोठा मुद्दा हा आहे की कॅन्सर पॅकेज म्हणून पैसे घेतले आणि खर्रा खाणाऱ्या माणसाला आ कर म्हणून कोणी म्हटलं नाही. नागपुरात! जिथे पानठेल्यावर दिवसभर खर्रा घोटणं चालू असतं आणि पन्नीची पुडी शर्टाच्या खिशात असतेच असते. नुसत्या सुपारीलाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्ये कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, इथे तर त्यात तंबाखू आणि चुना पण. फॉर्मवर तंबाखूचा रकाना होता, मामांनी टिक पण केलं होतं, ती टिक फाइलमध्येच राहिली.

मी मामांना मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन गेले. केसपेपर काढला, लाइन लागली, खुर्चीत बसवलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरणीने सांगितलं काका तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. दोनच गेली, म्हणजे तोंड पूर्ण उघडतच नव्हतं. मग तिने लाइट मारून गाल आतून चाचपला, तो चामड्यासारखा कडक, आणि डाव्या बाजूला जिथे खर्रा दाबतात बरोबर तिथेच पांढरा चट्टा. मामा तेव्हा कुठे बोलले, "अवं पोरी, तर्री झोंबतेच मले कधीची, मले वाटलं वय झालं." बायोप्सी घेतली, कॅन्सर नाही निघाला पण पेशींमध्ये सुरुवातीचे बदल आहेत, म्हणजे आता खर्रा बंद आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं.

आणि हे तोंड बघणं म्हणजे काही आजीबाईचा बटवा नाहीये. केरळात तिरुवनंतपुरमला जवळपास दोन लाख लोकांवर ट्रायल झाली, आरोग्य सेवकांनी घरोघर जाऊन टॉर्चने तोंडं बघितली, 2005 च्या लॅन्सेटमध्ये निकाल आला की तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. टॉर्चने!

मामींचं पण तेच. त्यांना सीए वन-ट्वेंटी-फाइव्ह केला, नॉर्मल आला, मामी खूश. इंग्लंडमध्ये दोन लाख बायकांना वर्षानुवर्षे तपासून 2021 ला निकाल आला की या टेस्टने अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू काही कमी होत नाहीत. आणि ज्या तपासण्यांनी होतात, त्यातल्या तर आपल्या महाराष्ट्रात सिद्ध झाल्यात: उस्मानाबाद जिल्ह्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) केली तर गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, 2009 चा पेपर, आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी वीस वर्षं काम करून दाखवलं की शिकवलेल्या बाईने नुसत्या हाताने स्तन तपासले तरी पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे मृत्यू तीसेक टक्क्यांनी कमी होतात. मामींचं यातलं एकही नाही झालं. विचारलं तर रिसेप्शनवर म्हणे ते गायनिकचं आहे, वेगळं.

बीपीचं राहिलंच. लिफ्ट बंद होती, मामा दोन मजले चढून आले आणि बसल्या बसल्या लगेच पट्टा बांधला, हात लटकलेला, 168/102, लिहिलं आणि पुढे चला. ना पाच मिनिटं बसवलं ना परत घेतलं, आणि शेवटच्या समरी पानावर बीपीचं नावच नाही. 32 देशांच्या इंटरस्ट्रोक अभ्यासात, भारत पण होता त्यात, अर्धांगाच्या कारणांमध्ये बीपी एक नंबर. बावीस हजारांच्या फाइलमध्ये झटक्याबद्दल सगळ्यात कामाचा आकडा हाच होता. घरी आठवडाभर नीट बसवून मोजलं, रोज 150 च्या वर, आता फॅमिली डॉक्टरची गोळी चालू आहे.

तरी कोणाला जायचंच असेल तर पॅकेज घेऊ नका, शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉल), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), ईसीजी सुटं सांगा. वेबसाइटवर दिसत नाही पण काउंटरवर अडून बसलं की सुटं करून देतात आणि बिल फार कमी येतं. तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी तिशीच्या पुढे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट असते, तिथे मामींना नेलं तर नर्सताईने आधी मामांनाच आ करायला लावलं. सेंटरचं पार्किंग म्हणाल तर नाहीच आहे, गाडी रोडवर लावाल तर टोइंगवाले उचलतात, ऑटोने जा.