स्मार्ट चार्जर: बॅटरी छान भरतो, पण लाइट गेली की सगळं विसरतो

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. गाडीच्या बॅटरीसाठी चार अँपियरचा, सात टप्प्यांत भरणारा, खोक्यावर ‘लावा आणि विसरा’ असं छापलेला चार्जर तीन-साडेतीन हजारांत मिळतो. बॅटरी भरायचं काम तो चोख करतो, पण विसरतो तो स्वतःच. लाइट एक सेकंद लुकलुकली तरी स्टँडबायवर जाऊन बसतो आणि कुणीतरी बॉनेट उघडून बटण दाबेपर्यंत जागचा हलत नाही. उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी असा वापर झाल्यावर माझी सगळी तक्रार या एका बटणावर येऊन थांबते.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुण्यातल्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, ३५ एएचची (अँपियर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) ३८बी२० मापाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, पंधरवड्यातून एखादी फेरी. अशा गाडीत बॅटरी का उतरते याचा हिशेब सोपा आहे. गाडी लॉक करून झोपली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मेमरी मिळून २० ते ५० मिलिअँपियर खात राहतात. २५ धरले तरी दिवसाला ०.६ एएच, पंधरवड्याला ९ एएच, म्हणजे बॅटरीचा पाव हिस्सा गेला. महिनाभर हात लावला नाही तर निम्मी रिकामी. शिवाय बॅटरी आपली आपण थोडी उतरते ते वेगळंच, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट होतं. जीपीएस ट्रॅकर असेल तर हिशेब आणखी बिघडतो. पार्किंग मोडवाला डॅशकॅम असेल तर हिशेब मांडूच नका, तो एकटा २०० मिलिअँपियरच्या वर जातो. त्याच्या वायरिंग किटमध्ये कट-ऑफची सोय असते, ती १२.४ व्होल्टवर ठेवा. ११.८ वर ठेवलीत तर कॅमेरा बंद पडेपर्यंत सेल्फ मारायची ताकद गेलेली असते.

यावर सोसायटीतला सर्वमान्य उपाय म्हणजे रविवारी सकाळी गाडी दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवणे. तो सोडा. सेल्फ मारायला बॅटरी शे-दीडशे अँपियर देते, पण तेवढं एखाद सेकंदच. ती तूट ०.१ एएचच्याही आत असते आणि मिनिटभरात भरून निघते. प्रश्न त्या तुटीचा नाहीच, पंधरवड्यात झिरपलेल्या ९ एएचचा आहे. आयडलिंगवर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं जनित्र, पूर्ण ताकदीने फिरत नाही, त्यात एसीचा पंखा आणि दिवे आपला वाटा काढून घेतात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तर पेट्रोल वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवलेलं असतं. एवढं करून पंधरा मिनिटांत दोन-तीन एएच परत मिळाले तर नशीब. त्यासाठी दीडशे-दोनशे मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे पंधरा-वीस रुपये, वर आजूबाजूच्यांना धूर. चार्जरने तेच ९ एएच संपूर्ण भरायला नुकसानीसकट ०.२ युनिटही लागत नाही. दोन-तीन रुपयांत काम होतं. गाडी हलवायचीच असेल तर चाळीस-पन्नास मिनिटं हायवेला काढा. टायर आणि ब्रेकसाठीही तेच बरं.

आता चार्जर. क्लॅम्प लावले, बटण दाबून ‘कार’ मोड निवडला की तो आधी बॅटरीचं व्होल्टेज बघतो, मग ४ अँपियरने भरतो, १४.४ वर पोचला की करंट हळूहळू उतरवतो आणि शेवटी १३.६ वर धरून ठेवतो. मल्टिमीटर लावून हे आकडे पडताळले, छापल्याप्रमाणेच येतात. १२.२ व्होल्टला, म्हणजे सुमारे निम्म्यावर आलेली ३५ एएच बॅटरी भरायला पाच तास आणि शेवटचा मुरवण्याचा टप्पा धरून सात-आठ तास. संध्याकाळी लावा, सकाळी तयार. दुसऱ्या दिवशी, गाडी शांत असताना, १२.७ दिसतं. क्लॅम्प काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा १३ च्या वरचा फसवा आकडा दिसतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा आणि चार-पाच तासांनी बघा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ निम्मी, १२.० आलं की धोक्याची घंटा. बॅटरी १२.४ च्या खाली आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि मग कितीही चार्जिंगला टाका, क्षमता परत येत नाही. वॉरंटीत ‘डिस्चार्ज’ म्हणजे दोष नव्हे. काउंटरवरचा माणूस चार्ज करून आणायला सांगतो, आणि कागदावर त्याचं बरोबर असतं.

पहिल्या महिन्याभरात या चार्जरला मी दहापैकी नऊ गुण दिले असते.

मग एप्रिल आला आणि वळवाच्या पावसाबरोबर लाइटचं जाणं-येणं सुरू झालं. या चार्जरचं बटण रबराखालचं आहे. प्लग लावला की नारिंगी दिवा लागतो, म्हणजे स्टँडबाय. दाबलं की निळा लुकलुकतो, भरलं की हिरवा स्थिर. वीज गेली आणि आली की पुन्हा नारिंगी. आधीचा मोड लक्षात ठेवायची सोयच नाही. रात्री साडेदहाला लावलेली बॅटरी अकराला लाइट लुकलुकली म्हणून सकाळपर्यंत तशीच पडून असते, आणि लांबून दिवा लागलेला दिसतो म्हणून आपण निश्चिंत असतो. महावितरणला एकट्याला दोष देऊ नका. पार्किंगचा प्लग पाण्याच्या प्रेशर पंपासाठी काढणारे, रात्री कॉमन मीटरचा स्विच काटकसरीने बंद करणारे वॉचमनदादा, सगळ्यांचा परिणाम तोच.

याहून वाईट म्हणजे लाइट गेलेली असताना क्लॅम्प लावलेलेच असतील तर चार्जर उलट बॅटरीतूनच थोडं खातो. माझ्या मीटरवर ८ मिलिअँपियर. आकडा किरकोळ आहे, पण तो गाडीच्या आधीच्या खाण्यात मिळवायचा. दोनशे रुपयांचा यांत्रिक टायमर लावून आठवड्यातून एकदा रात्री चार्जर सुरू करायचा, हा स्वस्त आणि मस्त बेतही याच बटणाने बाद होतो. टायमर वेळेवर वीज देतो, चार्जर नारिंगी दिवा लावून बसतो. स्मार्ट प्लगचंही तेच.

कस्टमर केअरला लिहिलं तर ‘सुरक्षिततेसाठी असं ठेवलं आहे’ असं उत्तर. पटत नाही. क्लॅम्प उलटे लागले किंवा सुटले तर ओळखायची सोय त्यात आहेच. करंट सोडण्याआधी तो व्होल्टेज तपासतोच. मग शेवटचा मोड लक्षात ठेवायला हरकत काय? जरा महागातल्या चार्जरांत ‘ऑटो रिझ्युम’ किंवा ‘मेमरी’ असते आणि तेही सुरक्षितच असतात.

मे महिन्यात मत आणखी एकदा बदललं, या वेळी वेगळ्या कारणाने. चार्जर कायम लावून ठेवायचा ही कल्पना उन्हाळ्यात तपासून घ्यावी लागते. १३.६ हा आकडा २५ अंशांच्या आसपासचा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीला तापमान अंशाने वाढलं की सुमारे १८ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. दुपारी पार्किंगमध्ये ४० अंश झाले की १३.३ पुरेसे. या चार्जरला तापमान कळत नाही, तो १३.६ च देत राहतो. परिणाम लगेच दिसत नाही, पण झाकणं उघडून पाहिलं तर पाणी नेहमीपेक्षा लवकर उतरलेलं असतं. मार्च ते जून कायमची जोडणी नको. पंधरा दिवसांतून एक रात्र पुरते आणि वीजही वाचते, कारण असे चार्जर नुसते हिरवा दिवा लावून बसले तरी तीन-चार वॉट घेतात, म्हणजे महिन्याला अडीच-तीन युनिट. पण एक रात्र म्हटली की पुन्हा त्या रात्री लाइट जाऊ नये ही प्रार्थना आलीच.

पाणी भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, आधी नाही. आधी भरलंत तर गॅस सुटताना पातळी वर येऊन अ‍ॅसिड बाहेर ओघळतं आणि ट्रे गंजतो. प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर, फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं नको, नळाचं तर मुळीच नको, आणि दुकानदार ‘थोडं अ‍ॅसिड टाकू’ म्हणाला तर नाही म्हणा. सीलबंद बॅटरीला हा भाग लागू नाही.

क्लॅम्पबद्दल. बी मापाच्या (३८बी२० मधला ‘बी’) बॅटरीचे टर्मिनल बारीक असतात, त्यावर हे जबडे नीट बसत नाहीत, वायरच्या वजनाने घसरतात. शिवाय दोन जबड्यांपैकी वायर एकालाच जोडलेली आहे, दुसरा फक्त पकडतो. वायरवाला जबडा शिशाला टेकला पाहिजे, नाहीतर दिवा लागतो आणि करंट जात नाही. यावर उपाय डब्यातच आहे: गोल कड्यांची छोटी वायर. कडी टर्मिनलच्या नटाखाली दहाच्या पान्याने कायमची आवळा, सॉकेट बॉनेटच्या कडेला आणून ठेवा, पॉझिटिव्ह वायरवर ७.५ किंवा १० अँपियरचा फ्यूज आहे याची खात्री करा. मग बॉनेट उघडं टाकावं लागत नाही. आमच्या पार्किंगमधले उंदीर उघड्या बॉनेटची वाटच बघत असतात.

निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली, म्हणजे बॅटरी सेन्सर असेल, तर काळा क्लॅम्प टर्मिनलला न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूच्या बोल्टला लावा. नाहीतर आत गेलेला करंट सेन्सरला दिसत नाही आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप रुसून बसतं. रंगवलेला बोल्ट चालत नाही. क्रम लाल, काळा, शेवटी भिंतीचा प्लग; काढताना बरोबर उलट. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून प्लग चालू असताना क्लॅम्प ओढून ठिणगी पाडू नका.

‘रिपेअर’ मोड हा मुख्यतः स्टिकर आहे. तो १५ व्होल्टच्या वर जातो, म्हणून वापरायचाच तर बॅटरी गाडीपासून सोडवून आणि झाकणं असलेल्या बॅटरीवरच. सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली जात असेल आणि विश्रांतीत मात्र १२.६ दाखवत असेल, तर बॅटरी संपली आहे. चार्जरला दोष नाही.

ज्यांच्या पार्किंगमध्ये प्लगच नाही त्यांनी डॅशबोर्डवर ठेवायच्या सोलर पॅनेलच्या नादी लागू नये. स्टिल्टमध्ये ऊन नाही, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली काढली की १२ व्होल्टचं सॉकेटच बंद होतं. महिनाभर गावाला जायचं असेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा, खर्च शून्य. आल्यावर दार किल्लीने उघडावं लागेल, घड्याळ लावावं लागेल, काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागेल, आणि काही म्युझिक सिस्टिम कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. नाहीतर बॅटरी उतरवून घरी न्या. ३५ एएचची नऊ-दहा किलो भरते, गॅलरीत ठेवून चार्ज होते. डिझेल गाडीची पंधरा किलोच्या पुढे, तिथे लिफ्ट चालू आहे ना ते बघा.

सध्या गुण दहापैकी सहा. चार हजारांच्या आतबाहेर ऑटो रिझ्युमवाला मिळत असेल तर वरचे पैसे द्या, नव्या ३५ एएच बॅटरीला जुनी देऊनही तेवढे जातातच. खोक्यावरच्या शब्दांवर जाऊ नका. दुकानातल्याच एखाद्या बॅटरीला लावून मोड निवडायला सांगा, प्लग काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा. दिवा आधी होता त्याच रंगाचा आला तर बिल करा.